तीन बोटांची उंची

कर्जतला जाऊन आलो म्हटलं की लोक विचारतात, "मग माथेरान केलं का?" नाही केलं. स्टेशनवरचा वडा खाल्ला, तोही उभ्या उभ्या. सहा दिवस त्या मुलखात होतो आणि त्यातला निम्मा वेळ माझ्या गाडीच्या पुढच्या आसाखाली वाकून बघण्यात गेला. ज्यांना डोंगर, धबधबे आणि थंड हवा यांची वर्णनं वाचायची आहेत त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं.

गोष्ट १९७४ च्या माघातली. फलटणला माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि दुकानासाठी घेतलेली एक पिकअप, जीपच्या जातीची, मागे उघडा हौदा असलेली. ही गाडी मी स्वतःच्या हातानं पुसतो. घरात त्यावरून माझी यथेच्छ चेष्टा होते. धाकटी बहीण विजया डोळ्यांची डॉक्टर. कर्जतच्या एका शाळेत तिने मोतीबिंदूचं शिबिर घेतलं होतं. तिथून तिची तार आली : "गाडी घेऊन ताबडतोब ये." कारण दिलेलं नाही. तारेत शब्दाला पैसे पडतात, म्हणून विजू कारणं गाळते.

कर्जत

सोमवारी दुपारी पोचलो. शाळेच्या वर्गातले बाक बाहेर काढून जमिनीवर गाद्या घातल्या होत्या. सगळे रोगी उताणे, डोळ्यांवर पट्ट्या, डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या. फळ्यावर कुणीतरी लिहिलेला भागाकार तसाच होता.

कोपऱ्यातल्या गादीकडे बोट करून विजू म्हणाली, "तुझं काम ते."

ते काम म्हणजे बुधीआजी. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतली, साठी उलटून बरीच वर्षं झालेली, अंगानं चिपाडासारखी. एक डोळा कधीच गेलेला. बाजारात बसणाऱ्या एका सुईवाल्या वैदूनं मोतीबिंदू काढतो म्हणून डोळ्यात सुई घातली, त्यात गेला. दुसऱ्यातही मोतीबिंदू पिकला आणि सहा वर्षं ती पूर्ण आंधळी होती. त्या उरलेल्या एका डोळ्याचं विजूनं दोन दिवसांपूर्वी ऑपरेशन केलं होतं.

"टाके कच्चे आहेत," विजू म्हणाली. "खोकला नको, ओकारी नको, रडणं नको आणि धक्का तर नकोच. यातलं एक झालं तरी डोळा गेला. आणि तिला दुसरा नाही."

"मग इथंच ठेव की महिनाभर."

भिसेगावातले एक गुरुजी घरात ठेवून घ्यायला तयार होते. पण ते कानावर पडल्यापासून आजीनं अन्न सोडलं होतं. परक्याच्या घरी मरायचं नाही म्हणून रडत होती, आणि रडू नको म्हटलं की आणखी रडत होती. येताना तिला चार माणसांनी झोळीतून आणलं, तर झोके लागून तीनदा ओकली. बैलगाडी म्हणजे हाडं खिळखिळी. शाळा रविवारपर्यंत रिकामी करून द्यायची होती.

"शनिवारी आठवा दिवस. तुझी गाडी तिला दारापर्यंत नेईल ना?"

"नेईल की," मी म्हणालो. गाडी असलेली माणसं असंच म्हणतात.

लगेच रस्ता बघायला निघालो. बरोबर आजीचा एकुलता एक मुलगा लहानू. नावाचाच लहानू, वय पंचेचाळीसच्या पुढं, केस अर्धे पांढरे, बोलणं मोजकं. वाडीच्या अलीकडे एक ओढा आहे. वळण उतरेपर्यंत तो दिसतच नाही आणि दिसतो तेव्हा तुम्ही त्यात असता. पात्रात आडवी कातळाची पायरी, तिच्यावर जागोजाग धोंडे, बाजूला पाण्याची बारीक धार. पुढची चाकं पायरीवर चढली, पलीकडे उतरली आणि खालून खण्णकन आवाज आला. आस धोंड्यावर आपटला होता. माझे दात एकमेकांवर आदळले, लहानूचं डोकं टपाला लागलं. जोर करून गाडी मागे घेतली तेव्हा खालचा पत्रा चेपलेला होता.

लहानू डोकं चोळत म्हणाला, "आय असती तर?"

परत फिरण्याआधी त्याच्याकडून वाडीतला चुना आणवून तिथल्या दोन वाईट धोंड्यांवर फुल्या मारून घेतल्या.

विजूला सगळं सांगितलं. ती चिडली नाही. ती चिडत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. तिने एवढंच विचारलं, "दादा, गाडी उंच करता येते का?"

लोधिवली

चौक गावाजवळ लोधिवलीला मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला नामामिस्त्रींची भट्टी आहे. घाट चढून-उतरून मोडलेल्या ट्रकांच्या कमानी त्यांच्याकडे येतात. कमान म्हणजे चाकावर आडवे बसवलेले पोलादी पाटे, एकावर एक, धनुष्यासारखे वाकवलेले. गाडी त्यांच्यावर बसते. मिस्त्री साठीचे, अंगावर बंडी, भुवया भट्टीनं जळून गेलेल्या.

मंगळवारी सकाळी मी तिथं जाऊन फर्मावलं, "पुढं एकेक पाटा जादा घाला. सहा बोटं उचला." आमच्याकडे कांदा वाहायचा तर सगळे हेच करतात. भंगारातल्या लॉरीचा एक पाटा चढवला की झालं.

मिस्त्रींनी विचारलं, "माल काय वायचाय, शेट?"

"माल नाही. एक म्हातारी. डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

त्यांनी हातोडा खाली ठेवला. "मंग पाटा नाय घालायचा."

"का?"

"पाटा वाढला की कमान ताठ व्हती. गाडी उचलंल, पण दगूड लागला की त्यो सरळ म्हातारीच्या डोळ्यात. कमान वाकली पायजे. वाकंल तीच धक्का खाईल."

एवढी साधी गोष्ट पंधरा वर्षं गाडी चालवून माझ्या डोक्यात आली नव्हती, कारण कांदा कधी तक्रार करत नाही.

त्यांनी गाडीखाली सरपटत जाऊन चेपलेला पत्रा बघितला, ओढ्यातला धोंडा किती उंच ते मला माझ्याच पायावर दाखवायला लावलं आणि म्हणाले, "तीन बोटं."

"सहा करा. खात्रीचं."

"सहा केली तर गाडी दिसंल झ्याक आन् स्टिअरिंग तुमचं ऐकायचं नाय. तीन लागतात, तीनच देणार."

आहेत तेच पाटे काढून, तापवून त्यांचा बाक वाढवायचा, असं ठरलं. जमिनीवर खडूनं त्यांनी जुन्या कमानीची रेघ काढली आणि तिच्यावर तीन बोटं सोडून नवी. पाटा लालभडक झाला की ऐरणीवर ठोकायचा, रेघेवर धरून बघायचा, पुन्हा ठोकायचा, मग तेलात बुडवायचा. मंगळवार आणि बुधवार मी त्या भट्टीसमोर खाटेवर बसून काढले. जेवायला मिस्त्रींच्या घरची तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. आम्हा ज्वारीवाल्यांना तांदळाची भाकरी म्हणजे आजाऱ्याचं जेवण वाटतं. बिरड्यासाठी मात्र मी ती पाच-पाच खाल्ली.

गुरुवारी दुपारी एक पाटा तेलात गेला आणि टिंग असा लहानसा आवाज आला. मिस्त्रींनी तो बाहेर काढला, नखानं वाजवला आणि कोपऱ्यात फेकून दिला. चीर गेली होती. तसा दुसरा पाटा शोधून, तापवून, वाकवण्यात शुक्रवारची दुपार झाली. ओढ्यावर आधी एक फेरी मारून बघायची असं मी मनाशी ठरवलं होतं, ती राहून गेली.

"बाकीच्यांतला एखादा तुटला तर?" मी विचारलं.

"तुटायचा तर पैल्या दणक्याला तुटतो. मागनं नाय तुटत."

हे ऐकून मला धीर यावा असं त्यांना वाटलं असावं.

कमानी बसवून जॅक काढायच्या आधी त्यांनी आणखी एक गोष्ट पकडली. गाडी उचलल्यामुळं पुढच्या ब्रेकची रबरी नळी ताणून तारेसारखी झाली होती. खड्ड्यात चाक लोंबलं असतं तर तुटलीच असती. नळीची पकड काढून त्यांनी खाली बसवली. मी गाडी रस्त्यावर घेतली. ती थोडी नाक वर करून चालत होती आणि सरळ जायला स्टिअरिंग किंचित वाकडं धरावं लागत होतं. माझ्या देखण्या गाडीचं ते रूप बघून मला खरंच वाईट वाटलं.

संध्याकाळी भट्टीमागे मिस्त्रींच्या घरच्यांनी पोपटी लावली. माघात आमच्याकडे हुरडा, इकडे पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवून द्यायच्या. पेंढ्याला काडी लावली आणि मी शेंगदाणे खाण्यासाठी खाली बघितलं, वर बघतो तो जाळ माणसाएवढा. शेंगा मात्र अप्रतिम. पाल्याचा वास बोटांना दुसऱ्या दिवसापर्यंत होता.

उठताना मिस्त्री म्हणाले, "उद्या मी येणार."

"तुम्ही कशाला?"

"आमच्यात तसंच हाय. कमान बसवली का पैल्या वाईट वाटंला बसवणारा चाकावर बसतो. बापानं केलं, मी करतो. चढ संपंस्तवर उतरायचं नाय. जो मदीच उतरला त्याचा आपल्या कामावर भरवसा नाय."

या वयात चालत्या गाडीच्या मडगार्डवर? मी नको म्हणून बघितलं. ते बिरड्याचं पातेलं झाकून आत निघून गेले.

ओढा

शनिवारी सकाळी आजीला शाळेतून निजवूनच गाडीपर्यंत आणलं आणि हळूच बसवलं. मधे आजी, पलीकडे विजू, तिचे दोन्ही तळवे आजीच्या गालांना लावलेले. हौद्यात वाळूच्या पिशव्या, म्हणजे मागची बाजू उडणार नाही, आणि त्यांवर लहानू. डाव्या मडगार्डवर दिव्याला धरून नामामिस्त्री. कर्जतच्या बाजारातले लोक थांबून बघत होते.

बैलाच्या चालीनं निघालो. प्रत्येक खड्ड्याला माझ्या तोंडून "अरे देवा" निघत होतं, मला त्याचा पत्ताही नव्हता. तासाभरानं आजी पट्टीआडून म्हणाली, "देव हाय तिथं हाय बाबा. तू वाट बघ."

विजू हसली नाही. तिचे तळवे आजीच्या गालांवरून हलले नव्हते, आणि तिच्या कपाळावर घाम होता. तेव्हा मला कळलं की ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली आहे.

वळण उतरलो आणि समोरचा ओढा दिसेना. सगळं पिवळं होतं. या काठापासून त्या काठापर्यंत गुडघाभर पेंढा अंथरलेला. ना पायरी दिसत होती, ना धोंडे, ना चुन्याच्या फुल्या. दोन्ही काठांवर वाडीतली माणसं उभी, पोरंबाळं घेऊन, चेहऱ्यांवर असा आनंद की लग्नाचा मांडवच त्यांनी घातलाय.

लहानूनं वाडीत सांगितलं होतं की धक्का लागला तर आयचा डोळा जाईल. धक्का लागू नये म्हणून त्यांनी आपापल्या माळ्यांवरचा पेंढा काढून आणला होता. गुरांचा उन्हाळ्याचा चारा म्हातारीच्या एका डोळ्याखाली अंथरला होता.

मी ब्रेक दाबला. चाकं पेंढ्यावर घसरली आणि गाडी पायरीच्या तोंडाशी जाऊन थांबली. मागे घ्यायला गेलो तर मागची चाकं नुसतीच फिरली.

"पेंढा काढा!" मी ओरडलो. "बाजूला काढा सगळा!"

माणसं गोंधळली, वाकली. तेवढ्यात हौद्यातून लहानूचा आवाज आला, "सायेब, धूर!"

पुढची बाजू आम्ही तीन बोटं उचलली होती, मागची नव्हती. तापलेला सायलेन्सर पेंढ्यात रुतला होता. पोपटीचा जाळ माझ्या डोळ्यांपुढं आला. धुराची पहिली वळवळ केबिनमध्ये शिरली आणि विजू दबक्या आवाजात म्हणाली, "दादा, खोकला आला तर संपलं. गाडी काढ. आत्ता."

"कुठून काढू? काही दिसत नाही!"

मडगार्डवरून मिस्त्री ओरडले, "शेट, थांबू नका!" पण वाट त्यांनाही दिसत नव्हती, आणि ते उतरले नाहीत.

खरं सांगतो, त्या क्षणी मला गाडीची फिकीर नव्हती, पहिल्यांदाच.

आजी पदर नाकाशी धरून म्हणाली, "पायरीशी हाईस का रं?"

"हो, आजी."

"पान्याची धार कंच्या अंगाला वाजते?"

इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं. तिनंच कान दिला. "डावीला हाय. मंग तू उजवीला घे. तितं सपाट धोंड हाय, मी लाकडाचा भारा टेकवायची. तिच्यावर चाक घाल. म्होरं दोन पावलांवर गाय बसल्यावानी दगूड हाय, त्याला उजवीला टाक आन् जा."

सहा वर्षं ती आंधळी त्या ओढ्यातून लाकडाचा भारा घेऊन आली-गेली होती. ती वाट तिच्या तळपायांना पाठ होती.

मी उजवीला वळवलं. चाक कशावर तरी चढलं, सपाट. बोनेट वर आलं, पुढं नुसतं आभाळ दिसत होतं. कमानीतून एक लांब कुरकुर निघाली आणि मडगार्डवर मिस्त्री सावकाश वर गेले, सावकाश खाली आले, झोपाळ्यावर बसल्यासारखे. "द्या, द्या, द्या," ते म्हणत होते. चाक पलीकडे उतरलं. खण्ण आवाजासाठी मी दात घट्ट धरले होते. तो आला नाही.

"आता डावीला," आजी म्हणाली.

डावीला घेतलं. उजव्या बाजूनं पेंढ्यातला एक उंचवटा सरकत गेला, बसलेल्या गाईएवढा. मागची चाकं पायरीवरून धप्पकन उतरली, पण आजीचं डोकं विजूच्या तळव्यांत होतं. गाडी काठ चढून वर आली आणि तिथं, सगळं पार पडल्यावर, आजी खोकली. एकदाच, बारीक.

विजूचा चेहरा पांढरा पडला.

मागे बायका ओल्या घोंगड्यांनी जाळ झोडपत होत्या. निम्मा पेंढा जळाला. त्याबद्दल वाडीतल्या एकाही माणसानं त्या दिवशी शब्द काढला नाही. मलाच राहवेना. पुढं चैत्रात मी फलटणहून हौदाभर कडबा नेऊन टाकला. तिथल्या बैलांनी तो दोन दिवस नुसता हुंगला, मग खाल्ला.

चढ संपल्यावर मिस्त्री उतरले. गाडीखाली निजून त्यांनी एकेका पाट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बसली." फलटणचे मिस्त्री अजून मला ती कमान उतरवून गाडी सरळ करून द्यायला बघतात. मी हात लावू देत नाही.

वाडी

त्या खोकल्यानं काय केलं हे पट्टी काढल्याशिवाय कळणार नव्हतं आणि पट्टी विजू सकाळच्या उजेडातच काढणार होती. लहानूच्या घरी नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी समोर आली. मला एक घास गिळवला नाही. विजूही नुसती भाकरी मोडत बसली. आजी मात्र आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवली आणि आपल्या उंबऱ्याशी निजली.

सकाळी विजूनं अंगणात हात धुतले आणि पट्टी सोडली. टॉर्च घेऊन ती डोळ्यात बघत राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही. कोंबड्या इकडून तिकडे जात होत्या.

"टाके जागेवर आहेत," ती म्हणाली आणि मटकन ओट्यावर बसली.

चष्मा महिन्यानंतर मिळायचा होता. पण तिच्या पेटीत तपासायची जाड भिंगं होती. त्यातलं एक तिनं आजीच्या डोळ्यासमोर धरलं. आजीनं आधी मान खाली घालून स्वतःचे हात बघितले. मग समोर बसलेल्या लहानूकडे बघत राहिली.

"लहान्या," ती म्हणाली, "डोकं कवा पांढरं झालं रं तुजं?"

लहानूनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले, काही लपवायचं असल्यासारखे. आजी डोळ्याशी बोट नेणार तोच विजूनं तिचा हात धरला. "रडायचं नाही, आजी. महिनाभर नाही."

"नाय रडत," आजी म्हणाली आणि भिंग माझ्याकडे वळवायला लावलं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"त्यो सारका अरे देवा, अरे देवा करनारा तूच का रं?"

"मीच, आजी."

"येवडा मोटा गडी!" ती म्हणाली. "मला वाटलं, पोरगं हाय."

सगळी वाडी हसली. मिस्त्री तर मांडीवर थाप मारून हसले. मी गाडीकडे गेलो आणि फडकं घेऊन ती पुसायला लागलो. रडायची मनाई फक्त आजीला होती.